शॉट नेमका कधी सुरू झाला?

उजव्या बाजूने एक मुलगी ड्रिबल करत आत शिरते. फ्री थ्रोच्या रेषेजवळ चेंडू दोन्ही हातांत घेते, एक पाऊल टाकते, दुसरं टाकते. तेवढ्यात बचाव करणारीचा हात तिच्या मनगटावर पडतो. शिट्टी वाजते. मुलगी थांबत नाही. उडी मारते, बोर्डाला लावून चेंडू रिंगमध्ये घालते. बाकावरच्या मुली टाळ्या वाजवत उठतात, समोरचा संघ हात हलवून 'नाही, नाही' म्हणतो आणि सगळे पंचाकडे बघतात. फाऊल शॉट मारताना झाला असेल तर बास्केटचे 2 गुण आणि वर 1 फ्री थ्रो. शॉट सुरू होण्याआधी झाला असेल तर बास्केट रद्द आणि सहसा बाहेरून थ्रो-इन. तीन गुण की शून्य, हे पापणी लवेपर्यंतच्या एका क्षणावर ठरतं.

बालाघाटाच्या डोंगरावरचं धारूर हे किल्ल्याचं गाव. मैदानावर मान कुस्तीचा, कबड्डीचा, खो-खोचा. अशा गावात बास्केटबॉल जगतो तो मुख्यतः शालेय स्पर्धांच्या जोरावर. तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि त्यांच्यासोबत वर्गातली, संघातली मुलंही जातात. त्याआधी हाती लागणारे सामने म्हणूनच मोलाचे. त्यात एक बास्केट चुकीनं रद्द झालं, किंवा नसलेलं बास्केट दिलं गेलं, तर त्याची भरपाई पुढच्या आठवड्यात होत नाही.

या प्रश्नावर दोन प्रामाणिक माणसं दोन टोकांना उभी राहू शकतात. इथे तशा दोघांना बोलतं केलं आहे. एक निवृत्त क्रीडाशिक्षक, वर्षानुवर्षं शालेय सामन्यांत पंच म्हणून उभे राहिलेले. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी, आता मुलींच्या संघाची प्रशिक्षिका. दोघंही कल्पनेतले आहेत. वाद मात्र दर सामन्यात ऐकू येणारा आहे.

प्रशिक्षिका : सर, माझी तक्रार कुठल्या एका पंचाबद्दल नाही, नियमाबद्दल आहे. शॉट सुरू झाला होता का, हे ठरवणं फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचं, नियमपुस्तक सरळ पंचाच्या समजुतीवर सोडतं. आपल्या जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत धावला. तो आकडा घड्याळानं दिला, त्यावर कुणाचं मत विचारावं लागलं नाही. माझ्या मुलींच्या घामाला तसा पक्का आधार का मिळू नये?

पंच : मिळायलाच हवा. पण कसा, ते तूच सांग. नियम तुला लिहायला दिला तर काय लिहिशील?

प्रशिक्षिका : दोनपैकी एक. पहिला पर्याय, शिट्टी वाजली की चेंडू मेला. पुढचं काही मोजायचं नाही, फार तर फ्री थ्रो द्या. दुसरा पर्याय, ड्रिबल संपवून चेंडू हातात घेतला की त्यानंतरचा प्रत्येक फाऊल शूटिंगचाच. दोन्हींत अंदाजाला जागा नाही.

पंच : पहिला पर्याय बघू. तुझी मुलगी बचाव चुकवून रिंगखाली पोचली, समोर कोणी नाही. मागून आलेलीनं तिचा हात ओढला. मुलीनं तरीही चेंडू आत घातला आणि आपण म्हणालो, शिट्टी झाली, बास्केट नाही. मग पुढच्या वेळी प्रत्येक बचाव करणारी काय करेल? हात ओढेल. रिंगखालचा सोपा शॉट मोडून समोरच्याला फ्री थ्रोच्या रेषेवर पाठवणं तिला परवडेल. फाऊल करणाऱ्याला फाऊलचाच फायदा मिळेल. हे होऊ नये म्हणून तर कंटिन्युअस मोशनचा नियम आहे. शॉट फाऊलच्या आधी सुरू झाला असेल आणि खेळाडूनं तो त्याच ओघात पूर्ण केला, तर शिट्टीमुळे चेंडू मरत नाही. गोल झाला तर मोजायचा.

प्रशिक्षिका : मग दुसरा पर्याय घ्या. चेंडू हातात आला की शॉट सुरू.

पंच : चेंडू हातात घेऊन तुझ्या मुली काय काय करतात ते आठव. एक थांबते आणि पास कुणाला द्यायचा ते बघते. दुसरी पिव्हट करून पाठ फिरवते. तिसरी नुसती हूल देते. या तिघींच्या हातावर फटका बसला तर फाऊल नक्की आहे, पण त्यांचा कोणता शॉट मोडला? जो शॉट मारायलाच घेतला नव्हता त्याचे फ्री थ्रो द्यायचे, तर तो बचाव करणाऱ्या मुलीवर अन्याय. तीही कुणाची तरी विद्यार्थिनीच आहे.

प्रशिक्षिका : मान्य. पण मग तुम्ही काय बघता, ते सांगा. 'शॉट सुरू झाला' म्हणजे डोळ्यांना नेमकं काय दिसतं?

पंच : दोन प्रकार वेगळे कर. जागेवर उभं राहून मारलेला शॉट सुरू होतो तो चेंडू रिंगच्या दिशेनं वर निघतो तेव्हा. धावत येऊन मारलेल्या शॉटचं निराळं आहे. तिथे ड्रिबल संपून, किंवा हवेत झेलून, चेंडू हातात स्थिर व्हायला हवा आणि त्यानंतर शॉटची हालचाल सुरू व्हायला हवी. ही हालचाल बहुतेक वेळा वरच्या दिशेनं असते. म्हणून माझी नजर आधी चेंडू आणि हात यांच्यावर. हाताखालून जमिनीकडे चाललेला चेंडू म्हणजे ड्रिबल. तो तळव्यात आला, दुसरा हात त्यावर बसला, चेंडू कमरेजवळून छातीकडे निघाला, खांदे रिंगकडे वळले, ही शॉटची चाल. फटका यातल्या कोणत्या क्षणी बसला, एवढंच मला ठरवायचं असतं. बाकी आरडाओरड मी ऐकत नाही.

प्रशिक्षिका : आणि पावलं? आमच्याकडे सगळे म्हणतात, दुसऱ्या पावलावर फाऊल झाला तर शूटिंग, पहिल्यावर झाला तर नाही.

पंच : हा गैरसमज मी बाकावर ऐकला, पालकांकडून ऐकला, पंचांकडूनही ऐकला. नियम स्पष्ट आहे. किती पावलं टाकली याचा शॉट सुरू होण्याशी काही संबंध नाही. पावलं मोजायची ती ट्रॅव्हलिंगसाठी, म्हणजे चेंडू हातात धरून जास्तीची पावलं टाकली का हे बघण्यासाठी. पहिल्या पावलावरच मुलीनं चेंडू घेऊन शॉटची चाल धरली असेल, तर ती शूटिंगमध्ये आहे. उलट दोन्ही पावलं टाकून ती पास शोधत असेल, तर ती शूटिंगमध्ये नाही. 2017 पासून फिबानं चालत्या खेळाडूला चेंडू पकडतानाच्या पावलानंतर दोन पावलांची मुभा दिली, तेव्हापासून हा गोंधळ वाढलाय. ती सूट फक्त ट्रॅव्हलिंगच्या मोजणीसाठी आहे. आणि लक्षात ठेव, फटका बसल्यावर मुलीनं जास्तीचं पाऊल टाकून गोल केला तर तो मोजायचा नाही. ओघ चालू राहायला हवा, पण नियमात राहून.

प्रशिक्षिका : सर, हे सगळं मैदानाबाहेर बसून ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात चेंडू पकडणं आणि फटका बसणं हे जवळजवळ एकाच वेळी घडतं. तिथे माणसाचा डोळा पुरा पडतो का?

पंच : तू खो-खो खेळलीस. खो मिळण्याआधी बसलेला उठला तर फाऊल, मिळाल्यावर उठला तर बरोबर. खो आणि उठणं यांत अंतर किती असतं? तरी गावोगावचे पंच ते बघतात, कारण आधी काय आणि नंतर काय यावरच त्यांची नजर बसलेली असते. बास्केटबॉलमध्येही तेच. फटका जोरात होता का, मुलगी पडली का, चेंडू आत गेला का, यांतलं काहीही हा प्रश्न सोडवत नाही. चेंडू आधी स्थिर होऊन शॉटकडे निघाला की फटका आधी बसला, एवढा क्रम ठरवायचा.

प्रशिक्षिका : मग शिट्टी इतकी उशिरा का वाजते? माझ्या मुलींना हेच सर्वांत जास्त खुपतं. फटका बसतो, पंच गप्प. चेंडू रिंगवर फिरतो, बाहेर पडतो आणि मग शिट्टी. त्यांना वाटतं, चेंडू आत गेला असता तर हा फाऊलच झाला नसता. कधी उलटं. चेंडू आत गेला की हात खाली झटकून बास्केट मोजतात आणि बाहेर गेला की म्हणतात, शूटिंग नव्हतं. निकाल बघून निर्णय घेतल्यासारखं दिसतं.

पंच : इथे तू दुखऱ्या जागी बोट ठेवलंस. थोडं थांबून शिट्टी वाजवणं चूक नाही. फटक्यानं खेळाडूचा तोल, वेग, लय मोडली का, हे पूर्ण दिसू द्यावं लागतं. नियमाला शिट्टीची वेळ नको आहे, फटक्याची वेळ हवी आहे. पण थांबणं वेगळं आणि निकालाची वाट बघणं वेगळं. शूटिंग होतं की नव्हतं, हा निर्णय चेंडू रिंगला लागायच्या आत झालेला असला पाहिजे. तो तसा झाला, हे दाखवायची सोयही आहे. मूठ वर करून फाऊल दाखवायचा आणि शूटिंग नसेल तर लगेच बोट जमिनीकडे. शूटिंग असेल तर फ्री थ्रोंची बोटं. चेंडू हवेत असतानाच जमिनीकडे बोट गेलं, तर गोल झाल्यावर तो रद्द केल्याचा राग येईल, पण संशय येणार नाही.

प्रशिक्षिका : सगळे पंच हे करत नाहीत.

पंच : नाही करत, आणि ही उणीव आमची आहे, नियमाची नाही. दोन पंचांचा सामना कसा चालतो ते बघ. एक पंच बास्केटखाली, मागच्या रेषेजवळ. दुसरा वरच्या बाजूला. आत घुसणाऱ्या मुलीच्या हातावर फटका बसला तर बहुतेक वेळा खालचा पंच शिट्टी वाजवतो. त्याचे डोळे अंगांवर आणि हातांवर असतात. चेंडू वर गेल्यावर तो आत पडला की नाही, हे वरचा पंच बघतो. म्हणजे ज्यानं शूटिंग ठरवलं, त्याला पुष्कळदा गोल झाल्याचं नंतर सहकाऱ्याकडून कळतं. दोघांनी आपापलं काम केलं, तर निकाल बघून निर्णय घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रशिक्षिका : बरं. आता एक गोष्ट मला पटतच नाही. माझी मुलगी शॉटसाठी उडाली, हातावर फटका बसला, तोल गेला. तिनं शहाणपणानं चेंडू मोकळ्या सहकारी मुलीला दिला. पंच म्हणाले, आता शूटिंगचा फाऊल नाही. चांगल्या खेळाची शिक्षा झाली ना ही?

पंच : त्रास होतो, खरं आहे. पण फ्री थ्रो कशासाठी? मोडलेल्या शॉटच्या बदल्यात. तिनं स्वतःच शॉट सोडून पास दिला, तर मोडलेला शॉट राहिला नाही. फाऊल राहतो, बचाव करणारीच्या आणि तिच्या संघाच्या हिशेबात लागतो. नियम दुसऱ्या बाजूनंही तितकाच न्यायी आहे. शॉटची चाल सुरू असताना तिचे हात कुणी धरूनच ठेवले आणि चेंडू सुटलाच नाही, तरी तो शूटिंगचा फाऊल. चेंडू हातातून निघायलाच हवा असं नाही. म्हणून मुलींना शिकव, फटका बसला तरी शॉट पूर्ण करा. शिट्टी ऐकून चेंडू खाली आणणं, पंचाकडे वळून बघणं, ही सवय त्यांना महागात पडते.

प्रशिक्षिका : मी शिकवते. पण मोबाइलवर त्या एनबीएच्या क्लिपा बघतात. तिथे कुठूनही फटका बसला, दोन ढांगा टाकल्या, गोल झाला की मोजतात. मग मला विचारतात, मॅडम, आमचं का नाही मोजलं?

पंच : एनबीएत चेंडू हातात घेण्याचा क्षण आपल्यापेक्षा जास्त सैलपणे धरतात. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात. हे मुलींना हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायला हवं. अमेरिकेतली क्लिप बघून धारूरच्या पंचाला दोष देणं बरोबर नाही.

प्रशिक्षिका : आणखी एक शंका, सर. काही संघ हा नियम उलटा वापरतात. आमची मुलगी चेंडू घेण्याच्या आधीच, ड्रिबलवर असताना तिला धरतात. शूटिंग नाही, संघाचे चार फाऊल भरलेले नाहीत, म्हणजे फक्त थ्रो-इन. हिशेबानं केलेला फाऊल.

पंच : म्हणून तर चार फाऊलची मर्यादा आहे. एका क्वार्टरमध्ये संघाचा पाचवा फाऊल झाला की शूटिंग नसतानाही 2 फ्री थ्रो. आणि चेंडूसाठी खेळायचा खरा प्रयत्न न करता नुसतं धरलं, तर पंचाला अनस्पोर्ट्समनलाइक फाऊल देता येतो. फ्री थ्रोही आणि चेंडूही. तो द्यायला पंच कचरतो, हे मी कबूल करतो. मात्र एक गोष्ट नक्की. संघाचे फाऊल चार आहेत की पाच, सामना कितीवर आला, हे बघून शूटिंग ठरवायचं नाही. पाचव्या फाऊलनंतर दोन्ही निर्णयांत फरक कमी उरतो म्हणून पंच ढिला पडला, तर पहिल्या क्वार्टरमध्ये तो कडक होता त्याला अर्थ राहत नाही.

प्रशिक्षिका : शेवटच्या सेकंदांचं काय? फटका बसला, शिट्टी झाली आणि चेंडू हातात असतानाच क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला. मग मुलीनं गोल केला.

पंच : गोल मोजायचा नाही, कारण वेळ संपली तेव्हा चेंडू हातात होता. पण फाऊल वेळेत आणि शूटिंगमध्ये झालाय, म्हणून फ्री थ्रो द्यायचे. यात अंदाज कुठे आहे, सांग? तू म्हणतेस तितका नियम पंचावर सोडलेला नाही. त्यानं चारही बाजूंनी कुंपण घातलंय. पंचाच्या हातात फक्त एक प्रश्न ठेवलाय, शॉट सुरू झाला होता का.

प्रशिक्षिका : आणि तोच प्रश्न तीन गुणांचा आहे, सर. मुंबईला नागपाड्यात पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळला गेला, तिथून अब्बास मुंतसीर यांच्यासारखा भारताचा कर्णधार झाला. तिथल्या पोरांना चांगले पंच लहानपणापासून बघायला मिळतात. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये माझ्या मुलींची आवडती. पण माझ्या मुलींच्या सामन्यात उभे राहणाऱ्या कितीतरी पंचांनी नियमपुस्तक कधी नीट वाचलेलं नसतं. कबड्डीचे पंच ऐनवेळी शिट्टी घेऊन येतात. नियम जितका चांगला, तितकाच चांगला पंच त्याला लागतो. तो नसेल तर माझा ढोबळ नियम बरा.

पंच : उलट म्हणून पंच घडवावा. महाराष्ट्रातल्या स्नेहल बेंडके फिबाच्या पंच झाल्या. तुझ्या संघातली एखादी मुलगी उद्या शिट्टी का घेणार नाही? ढोबळ नियम दिलास तर पंचाला शिकावंच लागणार नाही, आणि खेळाडूलाही. मग बचाव करणारी पाय हलवायचं सोडून हात ओढायला शिकेल आणि शॉट मारणारी चेंडू पकडून नुसता फटका मागायला शिकेल. दोघी बिघडतील.

प्रशिक्षिका : मग एक तरी मान्य करा. सामन्याआधी दोन्ही संघांना बोलावून, आज मी शूटिंग कशाला म्हणणार, हे पंचानं करून दाखवायचं. चेंडू घेऊन, दोन पावलं टाकून, इथे हो आणि इथे नाही.

पंच : ते नियमात नाही. पण शालेय सामन्यात ते करायला हवं, असं मलाही वाटतं. आणि तूही एक मान्य कर. निर्णय विरोधात गेला तरी बाकावरून पहिला प्रश्न 'गोल झाला ना?' असा येणार नाही. प्रश्न येईल, 'फटका कधी बसला?'

दोघांचं पूर्ण एकमत होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. प्रशिक्षिकेची भीती खरी आहे. पंचाच्या विवेकावर सोडलेला नियम अप्रशिक्षित हातांत गेला तर अन्याय करतो, आणि लहान गावातली मुलं त्या अन्यायाला सर्वांत आधी बळी पडतात, कारण तिथे ना कॅमेरा, ना अपील, ना पुढचा सामना. पंचाचं म्हणणंही तितकंच खरं आहे. ढोबळ नियम वाद मिटवतो, पण फाऊल करणाऱ्याला किंवा फाऊल मागणाऱ्याला बक्षीस देतो.

माझ्या मते तोल पंचाच्या बाजूने झुकतो, पण एका अटीवर. शूटिंगचा निर्णय चेंडूचं काय झालं हे कळायच्या आत घेतला जावा आणि सर्वांना दिसेल असा दाखवला जावा. ज्या पंचाचं बोट चेंडू हवेत असताना जमिनीकडे जातं, किंवा ज्याची बोटं चेंडू रिंगला लागायच्या आधी फ्री थ्रो दाखवतात, तो चुकू शकतो. पण तो कुणाची बाजू घेत नाही, हे मैदानावरच्या शेवटच्या मुलालाही दिसतं. चेंडू आत पडल्यावर ठरवणारा पंच शंभर टक्के बरोबर असला, तरी त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि बसूही नये.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. तालुका पातळीच्या प्रत्येक स्पर्धेआधी पंचांचा एक तास, त्यात फक्त हा एकच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून करून बघायचा. सामन्याआधी दोन्ही संघांसमोर पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक. दोन्ही बास्केटांवर, पहिल्या क्वार्टरपासून शेवटच्या मिनिटापर्यंत एकच मोजमाप. आणि प्रशिक्षकांनी मुलामुलींना रोजच्या सरावात फटका खाऊन शॉट पूर्ण करायला शिकवायचं, कारण कंटिन्युअस मोशनचा नियम शेवटी त्याच खेळाडूच्या बाजूने उभा राहतो जो सुरू केलेलं काम सोडत नाही. एवढं केलं तर धारूरच्या मुलीला तिचे तीन गुण मिळतील तेव्हा ते कुणाच्या मेहेरबानीचे नसतील, आणि नाकारले जातील तेव्हा का नाकारले हे तिला कळलेलं असेल.